उजव्या खांद्यावरचा पदर

२ डिसेंबर

रोज पाच ओळी लिहायच्या, असं फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बजावलंय. ही पहिली. अक्षर म्हणजे कोंबडीनं शाईत पाय बुडवून फिरावं तसं. मिरजेच्या शाळेत कुणी असं लिहिलं असतं तर मी वही तोंडावर परत केली असती. सी ग्रेड. झाल्या पाच.

४ डिसेंबर

आज जरा जास्त लिहिते, कारण बोलायला घरात कुणी नाही. प्रसन्न आणि ऋचा मोहालीच्या ऑफिसात, ईश्वरी शाळेत आणि मी या खिडकीशी. बाहेर धुकं. समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नाही. मिरजेत असं धुकं पडलं असतं तर लोक चहाचा कप घेऊन बघायला बाहेर आले असते. चंदीगडात कुणाला त्याचं काही नाही.

ऑगस्टमध्ये उजव्या अंगावरून वारं गेलं आणि प्रसन्न मला इकडे घेऊन आला. पाय सावरला. जीभ सावरली, जरा जास्तच सावरली असं प्रसन्न म्हणतो. हात तेवढा राहिला. चमचा धरतो, बटण लावतो, पण रेघ ओढायला गेलं की थरथरतो. याच हातानं मी जन्मभर फळ्यावर एका दमात गोल काढला. मुली कंपास लावून बघायच्या आणि हरायच्या.

तर मी ठरवलंय. संक्रांतीपर्यंत या हातानं, कशाचा आधार न घेता, एक चित्र काढून दाखवलं तर ठीक. नाहीतर ब्रशांची पेटी कुणाला तरी देऊन टाकायची आणि ‘ड्रॉइंगच्या बाई’ हा विषय संपला. पेटी डोळ्यांसमोर नको, माळ्यावर टाक, असं ऋचाला कितीदा सांगितलं. तिनं ती फ्रिजवर ठेवलीय. म्हणे माळ्यावर जागा नाही. एवढा मोठा माळा आहे! सुनेला सासूचं ऐकायचं नसलं की माळे भरतात.

७ डिसेंबर

ऋचानं एक खोकं आणून माझ्यापुढे ठेवलं. आत पाटाएवढी पांढरी पाटी. बटण दाबलं की ती आतून उजळते. तिच्यावर चित्र ठेवायचं, चित्रावर कोरा कागद, की खालची रेघ वर दिसते. ती गिरवायची. लाइट बॉक्स म्हणतात म्हणे.

“आई, गिरवल्यानं हाताला पुन्हा वळण लागतं, असं फिजिओ म्हणाली,” ऋचा म्हणाली.

मी म्हटलं, “अगं, खिडकीच्या काचेला कागद लावून चित्र छापणारी मुलगी दिसली की मी तिला वर्गाबाहेर उभी करायची. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली माझ्या नावानं चळाचळा कापायच्या. आणि तू मला विजेवर चालणारी खिडकी आणून देतेस?”

“हो, म्हणजे बसून गिरवता येईल.”

काय बोलायचं या मुलीला! खोकं पलंगाखाली सरकवलं. मी त्याला हात लावणार नाही.

९ डिसेंबर

लावला हात. घरात कुणी नव्हतं.

ईश्वरीच्या पुस्तकातलं सूर्यफूल घेतलं. पहिली पाकळी थरथरली. दुसरीही थरथरली, पण वाट चुकली नाही. खालून रेघ दिसत होती ना, हात अडखळला की पुन्हा तिच्यावर येत होता. पाळण्याच्या दोरीला धरून मूल चालतं, तसं. मी जेवायचं विसरले. शाळेतून आलेल्या ईश्वरीनं रंगेहाथ पकडलं.

“आजी, चीटिंग!”

हा शब्द मीच हिला गेल्या दिवाळीत शिकवलेला. नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हटलं की हिंदी.

“ही चीटिंग नाही, औषध आहे,” मी म्हटलं.

“तो मुझे भी दो.”

शेजारी येऊन बसली आणि डाव्या हातात पेन्सिल धरली. डावखुरी आहे ती. मी म्हटलं, “उजव्या हातात धर बघू.” तिनं गुपचूप हात बदलला आणि तिची रेघ माझ्या रेघेसारखीच थरथरायला लागली. पाच मिनिटांत कंटाळली आणि उठून गेली. आजकालच्या मुलांना चिकाटी म्हणून नाही.

१४ डिसेंबर

माझं डोकं फिरलंय. इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. मंडळाची संपदा म्हणजे एका कर्नलांची बायको, नागपूरची, बोलायला लागली की समोरच्यानं फक्त ‘हो’ म्हणायचं. स्टेजच्या मागच्या पडद्यासाठी त्यांना चित्र हवं होतं. आणि ऋचानं, मला न विचारता, “आमच्या आई काढतील” म्हणून सांगून टाकलं!

“कोणाच्या हातानं काढू?” मी विचारलं.

“तुमच्याच. मोठं काढायचंय, आई. पण ट्रेस करून चालेल.” आणि तिनं माझ्या जुन्या फायलीतलं चित्र पुढे केलं. शाळेच्या हळदीकुंकवासाठी मी काढलेलं. नऊवारीतल्या पाच बायका ओळीनं उभ्या, एक दुसरीला तिळगूळ देतेय, दुसरी तिसरीला. काय रेघ होती तेव्हा माझी! बघवेना. फाइल मिटली.

मला हिनं मुद्दाम तोंडघशी पाडायचं ठरवलंय. प्रसन्नला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, नाही म्हणून सांग मग.” नाही कशी म्हणू? नाव दिलंय ना!

१७ डिसेंबर

आज मी, ऋचा आणि ईश्वरी बाहेर पडलो. आधी सेक्टर ३४. तिथे क्लासवाल्या मुलांच्या नोट्स छापायची दुकानंच दुकानं. एका दुकानात माझ्या चित्राचे तुकडे करून मोठे मोठे प्रिंट काढून घेतले. एकेक बाई निम्म्या माणसाएवढी झाली. पुढे उभ्या असलेल्या मुलांच्या हातात गणितं, माझ्या हातात नथ.

मग कापडासाठी मनीमाजऱ्याचा बाजार. लाइट बॉक्सवर चालायचं तर कापड इतकं पातळ हवं की खालची रेघ वर दिसली पाहिजे. ऋचा मला थेट पगडीच्या कापडाच्या दुकानात घेऊन गेली. पांढरं शुभ्र वॉयल, हातावर घेतलं तर हाताच्या रेषा दिसल्या. सरदारजींनी विचारलं, “किसकी पगड़ी है, माताजी?” ईश्वरी म्हणाली, “पाँच आंटियों की!” ते इतके हसले की शेवटच्या पट्टीचे पैसे घेईनात. त्या जास्तीच्या पट्टीवर ‘शुभ संक्रांत’ लिहीन म्हणते, अगदी शेवटी.

दुकानदाराला ए ग्रेड. ऋचाला आज बी. कापडाची अक्कल आहे पोरीला.

२० डिसेंबर

काम सुरू. प्रिंटवरची शाई फार काळी, कापडातून डाग दिसतात. म्हणून आधी प्रिंटवरून बटर पेपरवर नुसत्या रेघा उतरवून घेतल्या. इथे माझी जुनी पद्धत कामाला आली. वर्गात मुलींकडून घोकून घ्यायची मी, काढा, उलटा, गिरवा. बटर पेपर उलटा केला, मागच्या बाजूनं मऊ पेन्सिलीनं रेघा गडद केल्या, गडद बाजू वर ठेवली आणि त्यावर कापड अंथरलं. काय दिसतंय! कापडातून रेघ अशी वर येते, जणू आतून कुणीतरी काढतंय. दिवसाकाठी एक पदर, एक हात, एवढंच होतं. पण होतंय.

आज सलग लिहिलं तरी हात दुखला नाही. अक्षर अजून सीच, पण वरची सी.

२३ डिसेंबर

शाळेला सुट्टी लागली आणि ईश्वरी गळ्यात पडली, मला काम दे. पाटी एवढीशी, दोघींनी बसायचं कसं? ती माझ्या डावीकडे बसली. तिची पेन्सिल डाव्या हातात, माझी उजव्या. एकीचं कोपर दुसरीला लागत नाही! शाळेत एका बाकावर दोन मुली बसवल्या की कोपरावरून भांडणं ठरलेली. इथे दोघी एकाच पाटीवर खालीवर वाकलो आणि कुणी कुणाला धक्का लावला नाही. म्हणून हात बदल म्हणून सांगितलं नाही. अडचण नको, एवढंच कारण.

तिची रेघ मात्र भलतीच सरळ येते. ए वजा म्हणू.

२९ डिसेंबर

पाचही बायका कापडावर उतरल्या. आता रंग. कापड ताठ होऊ नये म्हणून रंग पातळ करून लावतेय, तर तो आरपार जातो. खालची वर्तमानपत्रं जांभळी-हिरवी झाली. ऋचानं आणलेला मोठा ब्रश धरायला सोपा आहे. अंगण सारवल्यासारखं भराभर होतं.

आज ईश्वरी बराच वेळ पहिल्या बाईपुढे उभी होती. मग हळूच म्हणाली, “आजी, ये आपने जानबूझके किया ना?”

मी त्या साडीला मोरपंखी रंग लावत होते. म्हटलं, “हो तर! मी प्रत्येक गोष्ट जाणूनबुजूनच करते.”

तर पोरगी गळ्यात येऊन पडली. रंगाचा हात तिच्या स्वेटरला लागला, तरी सोडेना. मोरपंखी एवढा आवडेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना डाव्या हातानं पोळी तोडत होती, माझ्याकडे बघून हसत. रागावणार होते, पण इतकी खुशीत होती की राहू दिलं.

४ जानेवारी

आज खरं लिहिते. सगळे बाहेर गेल्यावर पाटीचा दिवा बंद केला. कोरा कागद घेतला. खाली काही नाही, वर काही नाही. एक गोल काढायला गेले.

बटाटा झाला. दुसरा केला, तोही बटाटा. तिसऱ्याला पेन्सिल हातातून सुटली.

म्हणजे हात बरा झालाच नाही तर. दिवा चालतो, तोपर्यंत हात चालतो. एवढा पडदा रंगवला, पण त्यात माझं काय? जुन्या माझी नक्कल नव्या मी केली. बायका टाळ्या वाजवतील त्या मिरजेच्या बाईला, जी आता नाही. रडले. लिहायला लाज कशाला, वही माझीच आहे.

पेटी द्यायची कुणाला, याचा विचार केला. कुणी सुचलं नाही.

१० जानेवारी

मेले मी. जमिनीनं मला पोटात घ्यावं.

शिंप्यानं पट्ट्या जोडून दिल्या. पडदा हॉलमध्ये भिंतीला लावला आणि संपदा बघायला आली. आली तीच “अहाहा, काकू!” करत. मग गप्प झाली. ती गप्प झाली, इथेच मला धोका कळायला हवा होता.

“काकू, रागावू नका हं. पण पदर उजव्या खांद्यावर आहे.”

बघते तर काय! पाचही बायकांचे पदर उजव्या खांद्यावर. पाचही नथा उजव्या नाकपुडीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाचही जणी डाव्या हातानं तिळगूळ देतायत! संक्रांतीचं वाण, हळदीकुंकू, डाव्या हातानं! मंडळातल्या म्हाताऱ्या बायका हाय खातील.

“गुजराती मंडळाला विकून टाकू या का?” संपदा म्हणाली. हसवायला म्हणाली बिचारी. मला हसू आलं नाही.

क्षणात कळलं काय झालं ते. काढा, उलटा, गिरवा आणि सुलटा! चार शब्द होते. बटर पेपर पुन्हा सुलटा करायचा असतो. जुन्या पद्धतीत तो सुलटा केल्याशिवाय चित्र उतरतच नाही, म्हणून कधी चुकलं नाही. या पाटीवर मेलं उलटंही तितकंच सुरेख दिसतं. आणि मी गडद बाजूच्या मोहात पडले. एलिमेंटरीची पोरगी करणार नाही ती चूक ड्रॉइंगच्या बाईंनी केली.

आणि तेवढ्यात ईश्वरी संपदावर धावून गेली. “ग़लत नहीं है! आजी ने जानबूझके बनाया है! मेरे लिए! सब मेरी तरह लेफ्टी हैं!”

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. मी कुणाकडेच पाहिलं नाही.

११ जानेवारी

म्हणजे ते मोरपंखीबद्दल नव्हतंच.

दिवसभर पांघरूण घेऊन पडून होते. पोरीनं रंग लागतानाच ओळखलं की या बायका डावखुऱ्या आहेत. मला दिसलं नाही, तिला दिसलं. आणि तिला वाटलं, जी आजी ताटावर, देवापुढे, पाहुण्यांपुढे “उजवा हात, उजवा हात” करते, तिनं आपल्यासाठी पाच बायका डावखुऱ्या काढल्या. म्हणून गळ्यात पडली होती. म्हणून पोळी तोडताना हसत होती. आणि मी म्हटलं, हो तर, जाणूनबुजून!

आता हिला कसं सांगू की आजी चुकली?

संपदाचा फोन आला. “काकू, पडदा नाही लावला तरी चालेल, आपण फुलांच्या माळा सोडू.” म्हणजे विषय संपला. ऋचा आत येऊन पायांशी बसली. म्हटलं, बोल काय बोलायचंय ते. तर म्हणाली, “आई, तुम्ही आल्यापासून ईश्वरी कधी इतकी तुमच्याशी बोलली नव्हती. पडदा गेला खड्ड्यात.” आणि माझे पाय दाबत बसली. मी डोळे मिटून घेतले. ब्रशांची पेटी हिनं फ्रिजवर का ठेवली, ते मला आत्ता कुठे कळलं. मला रोज दिसावी म्हणून. आणि मी हिला बी देत बसले होते.

१३ जानेवारी

ऊन पडलं! किती दिवसांनी! आज लोहडी, इथल्यांची संक्रांतीची होळी, खाली मुलं लाकडं गोळा करतायत आणि वर निळं आभाळ.

धुक्यानं पडदा कुठे कुठे दमट झाला होता, म्हणून ऋचानं तो सकाळी बाल्कनीत वाळत घातला. मी खोलीतून चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. उन्हाचा झोत बाहेरून कापडावर आणि मी आतल्या बाजूला. पाच बायका माझ्यापुढे उभ्या. पदर डाव्या खांद्यावर. नथ डावीकडे. तिळगूळ उजव्या हातात. आणि रंग कसे, तर काचेतून यावेत तसे उजळलेले!

कप हातातून टाकला नाही, खाली ठेवला. मग ओरडले, “ऋचा! प्रसन्न! अगं, मागून बघा, मागून!”

पगडीचं कापड. रंग आरपार गेलेला. मी एवढी कुरकुर केली होती त्याच्यावरून! पडदा फक्त फिरवायचा आणि मागून दिवे लावायचे, झाला स्टेजएवढा लाइट बॉक्स. प्रसन्न म्हणाला, “कार्यक्रमाच्या हॉलमध्ये स्टेजमागे जागा आहे, मी दोन फ्लड लाइट भाड्यानं आणतो.” संपदाला फोन केला. पलीकडून ती अशी किंचाळली की फोन कानापासून दूर धरावा लागला. मी घरभर नाचले. पायाला म्हटलं, बघ, तू पण ए.

आणि मग ईश्वरी दिसली. बाल्कनीच्या दाराला टेकून उभी. खालच्या आवाजात म्हणाली, “अब सब राइटी हो गईं.”

बोलली तेवढंच, आणि आपल्या खोलीत गेली.

जमलेला आनंद एका मिनिटात उतरला. पडदा काढून जमिनीवर पसरला, पालथ्या बाजूनं. पाच बायका आणि टोकाला ती सहावी पट्टी, ‘शुभ संक्रांत’साठी ठेवलेली, कोरी.

मी ईश्वरीच्या खोलीत गेले. म्हटलं, “परकर-पोलकं घाल तुझं. आणि बाहेर ये.”

“क्यों?”

“मॉडेल पाहिजे मला.”

ती आली, तोंड फुगवून. तिला उन्हात उभी केली. हातावर तिळाचा लाडू ठेवला. तिनं सवयीनं उजवा हात पुढे केला, माझ्याच सवयीनं. म्हटलं, “तो नको. तुझा हात पुढे कर. चित्र काढतेस तो.”

लाइट बॉक्स लावला नाही. लावून उपयोगही नव्हता, खाली ठेवायला चित्रच नव्हतं. ही मुलगी कुठल्या फायलीत नव्हती. फ्रिजवरची पेटी काढली. बारीक ब्रश. गुडघ्यावर बसले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पहिली रेघ ओढली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. थरथरली. पण गाल झाला. वेणी झाली. मग मनगट धरायचं कधी सोडलं ते मला कळलंच नाही. पोलक्याची बाही, परकराचा घेर, पुढे केलेला डावा हात. कोपराजवळ एक रेघ वाकडी गेली. पुसायला गेले नाही, पोरीचं कोपर तसंही टोकदारच आहे. शेवटी लाडू. एका दमात काढला तो.

गोल आला! गोल! ऋचानं कंपास आणला असता तर मी म्हटलं असतं, लावून बघ!

ईश्वरी हळूहळू पुढे आली, वाकली, स्वतःला बघितलं. मला सांगायचंच होतं, सांगून टाकलं, “त्या पाच जणी चुकून डावखुऱ्या झाल्या होत्या, बाळा. आजीनं कागद उलटा ठेवला होता. पण ही चुकून नाही झाली.”

तिनं विचार केला. मग म्हणाली, “पक्का?”

“पक्का.”

खाली लोहडीची शेकोटी पेटली होती. शेजारच्या पंजाबी बाई शेंगदाणे आणि रेवड्या घेऊन आल्या आणि पडदा बघून तिथेच मांडी घालून बसल्या. “हाय रब्बा, ये कुड़ी तो अपनी ईशू है!” ओळख पटली. आणखी काय पाहिजे.

१५ जानेवारी

काल इतकी दमले की वही उघडली नाही.

हॉल भरलेला. हवाई दलातल्या, सैन्यातल्या बायका, मोहालीच्या कंपन्यांतल्या मुली, सगळ्या काळ्या साड्यांत. प्रसन्ननं दिवे मालवले आणि पडद्यामागचे लावले. सगळ्या हॉलमधून एकदम “आ!” निघाला. मग टाळ्या. मी शाळेत असताना माझ्यासाठी टाळ्या कधी वाजल्या नाहीत, शिक्षकांसाठी कोण वाजवतं? काल वाजल्या. मी उभी राहिले आणि दोन्ही हात जोडले. एक हलत होता, हलू दे.

मग एक म्हाताऱ्या बाई, दागिन्यांनी मढलेल्या, पुढे झाल्या. “बाई, सुरेख आहे हो. पण या शेवटच्या मुलीनं डावा हात पुढे केलाय. तेवढं सुधारून घ्या.”

ऋचा मधे पडायला निघाली. मी म्हटलं, “सुधारलंय, म्हणूनच तसं आहे. ती डावखुरीच आहे. माझी नात आहे.”

त्या बाई हळदीकुंकू घेऊन गेल्या. जाताना मात्र पुन्हा मागे वळून बघत होत्या.

तिळगूळ वाटायला मुलं निघाली. ईश्वरी ताट घेऊन एकेकीपुढे जात होती. बघितलं तर उजव्या हातानं देत होती सगळ्यांना, लाडू निसटत होते, तरी उजव्याच हातानं. एवढी मोठी माणसं समोर, घाबरली असेल. माझ्यापुढे आली. लाडू उचलला, उजव्या हातात. माझ्याकडे बघितलं. मग वर पडद्याकडे. आणि ताट उजव्या हातावर घेऊन डाव्या हातानं लाडू माझ्यापुढे धरला.

“तिळगूळ घ्या, गोड गोड बोला,” म्हणाली. मराठीत. सगळ्यांसमोर.

मी घेतला. माझा उजवा थरथरत होता, तिचा डावा अगदी स्थिर. लाडू पडला नाही. तोंडात टाकला आणि मग मला काही गोड बोलताच येईना, तोंडात लाडू आणि डोळ्यांत पाणी. पुढच्या बाईंनी आपणहून हात पुढे केला आणि ईश्वरीनं त्यांनाही डाव्याच हातानं दिला. त्यांनीही घेतला.

आज सकाळी ईश्वरी लाइट बॉक्स घेऊन आली, अब क्या बनाएँगे म्हणून. म्हटलं, दिवा लावू नको, कोरा कागद घे. ती माझ्या डावीकडे बसली. समोर चहाची किटली ठेवली आणि दोघींनी काढली. तिच्या किटलीचं नाक वाकडं आलंय, माझ्या किटलीला कंप आलाय. ब्रशांची पेटी टेबलावर आहे, तिथेच राहील.

निकाल लावते. ऋचा, ए. ईश्वरी, ए. मनीमाजऱ्याचं पगडीचं कापड, ए.

मी, ए. का नाही? परीक्षक मीच आहे.